विषय: सूट मिळणेबाबत

३ जुलै
पदवी हातात आल्यात जमा आहे. सगळे विषय सुटले. राहिलाय फक्त 'वाचन आणि लेखन', जो बाकीची मुलं पहिल्या वर्षालाच उरकून टाकतात. मी मुद्दाम मागे ठेवला होता. ज्याला लिहिता येतं त्याला लिहायला शिकवणं म्हणजे धावणाऱ्याला पांगुळगाडा देणं.

विद्यापीठाच्या नियमात सूट आहे. लेखनाची पुरेशी जाण असल्यास एका पानात अर्ज करावा. एका पानात माझी जाण मावायची कशी? बारा पानं लिहिली, एका बैठकीत. परत वाचून पाहिली नाहीत. ते माझं तत्त्व आहे. लिहिलेलं परत वाचायचं म्हणजे स्वतःवर संशय घ्यायचा.

आईने पदवीच्या फ्रेमसाठी हॉलच्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकला. जरा उंच झालाय. ताईने विचारलं, इतक्या वर रिकामा खिळा कोणी बघायचा? तिच्या नादी लागलो नाही.

८ जुलै
अर्ज दिला. खिडकीतल्या क्लार्कने पानं चाळली आणि विचारलं, तुम्हाला नक्की हवंय काय? म्हटलं, अर्जात आहे. कुठे, म्हणाला. म्हटलं, एकूण आशयात आहे. त्याने चष्मा काढून बराच वेळ पुसला. माणसं भारावली की असं करतात.

रंगाच्या कारखान्यातल्या मॅनेजरसाहेबांना फोन केला. लॅबमधली जागा नोव्हेंबर अखेरपर्यंत माझ्यासाठी अडवून ठेवतो म्हणाले, पण पदवी हवीच. मी म्हटलं, आलीच समजा.

१७ जुलै
अर्ज नामंजूर. शेरा: 'अर्जदाराची मागणी समजली नाही.'
शुद्ध आकस आहे. पण ठीक आहे, कोर्स करू. त्या मुलांनाही कोणीतरी आदर्श हवाच.

२२ जुलै
पहिला तास. वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. मी 'बसा' म्हटलं. तेवढ्यात खऱ्या मॅडम आल्या.

मॅडमची पद्धत विचित्र आहे. जोड्या लावतात. एकाने लिहायचं, जोडीदाराने ते मोठ्याने वाचायचं, मग दोन गोष्टी सांगायच्या: लिहिणाऱ्याला काय हवंय, आणि ते कोणत्या ओळीत कळलं. तोवर लिहिणाऱ्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खुलासा नाही, हातवारे नाहीत. म्हणजे वकील न देता खटला.

माझी जोडीदार गुरांची डॉक्टर व्हायला आलेली एक मुलगी आहे. साहित्याचा गंध नसणार. सांभाळून घेईन.

२९ जुलै
विषय: 'आजची सकाळ'. डॉक्टरीणबाईंनी माझा उतारा वाचला. पहिल्याच वाक्यात त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. फुप्फुसं कमजोर. मग म्हणाल्या, कोणीतरी झोपेतून उठलंय असं वाटतंय, पण खात्री नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांच्या उताऱ्यात गाय अडली होती आणि वासराचे मागचे पाय आधी बाहेर आले होते. माझं लक्ष शेवटपर्यंत हललं नाही. पण ते गाईमुळे. लेखनामुळे नव्हे.

१२ ऑगस्ट
संकल्प: रोज सकाळी तासभर वाचन. टेबल दिवा आणला. बसायला उशी आणली. पानात घालायला चामड्याची पट्टी आणली. आता फक्त मॅडमनी नेमलेलं पुस्तक हवं. ग्रंथालयात नाही, कोणीतरी दाबून बसलंय. लेखी तक्रार केली.

१८ ऑगस्ट
ग्रंथपालांचं उत्तर आलं. पुस्तक माझ्याच नावावर आहे.
सापडलं. खिडकी आपटू नये म्हणून फटीत लावलं होतं. काढलं. आता खिडकी आपटते, त्यामुळे वाचनात लक्ष लागत नाही.

९ सप्टेंबर
आज मात्र मैदान मारलं.
मॅडमनी एक निनावी उतारा सगळ्यांना वाटला. सुरुवात अशी: 'शब्दांच्या क्षितिजापलीकडे जिथे आशयाची पहाट उमलू पाहते, तिथे प्रस्तुत व्यक्तीची लेखणी कधीचीच उंबरठ्यावर उभी आहे, आणि ती आत आलेली नाही, असे तरी कोणी म्हणावे?' पुढे सबंध पानभर हेच. लिहिणाऱ्याला काय हवंय ते ओळखा.

मी त्या गृहस्थाची सालटी काढली. लिहिलं: 'याला काहीतरी न खपता हवंय, पण सरळ मागायची लाज वाटते. म्हणून मोठमोठ्या शब्दांमागे लपून बसलाय. हे लिहून झाल्यावर त्याने एकदा वाचलं असतं, तर त्याचं त्यालाच हसू आलं असतं.'

मॅडमनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले. सर्वांत जास्त मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं लिहिलेलं आज पहिल्यांदाच कळलं. कौतुक स्वीकारलं.

१० सप्टेंबर
मॅडमनी ऑफिसात बोलावलं. पूर्ण गुण दिलेत म्हणाल्या. मग ड्रॉवरमधून माझा अर्ज काढला. कालचा उतारा म्हणजे त्याचं चौथं पान होतं.

“मला वाटलं होतं,” त्या म्हणाल्या, “तुम्ही पहिल्याच ओळीला ओळखाल.”

चौथं पान मी दमल्यावर लिहिलेलं आहे. बाकीची अकरा तशी नसावीत. आणली आहेत, पण उघडून बघायचा धीर होत नाही.

जेवलो नाही. आईने विचारलं, पोट बिघडलं का? हो म्हटलं. लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपला.

६ ऑक्टोबर
शेवटचा निबंध: 'मला काय हवंय'. लेखनाचे सगळे गुण यावरच. मी 'मानव आणि आकांक्षा' असा आराखडा केला होता. तास सुटल्यावर डॉक्टरीणबाईंना सहज आमच्या खिळ्याची हकीकत सांगितली: आई स्टुलावर चढलेली, ताईने स्टूल धरलेलं, आणि आई म्हणतेय, अजून वर, अजून वर, आल्यागेल्याला दारातूनच दिसली पाहिजे. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, हेच लिहा की.

खिळ्यावर निबंध? पण विषयाला उंची देता येईल. देतोच.
आणि या वेळी परत वाचणार. एकदा नव्हे, दोनदा.

२ नोव्हेंबर
निबंध दिला. वाचायला बसलो होतो. पण प्रिंट इतकी देखणी आली होती की तिच्यात खोट काढायला मन धजेना.

२० नोव्हेंबर
निकाल. वाचन: उत्तम. लेखन: नापास.

निबंधात काही जागा मी नंतर भरायच्या म्हणून सोडल्या होत्या. तशाच राहिल्या. एके ठिकाणी 'इथे भारदस्त शब्द शोधणे'. शेवटी 'डोळ्यांत पाणी, तीन-चार ओळी'. आणि मधोमध, स्टुलाच्या प्रसंगाच्या जागी, 'इथे आईचं काहीतरी मनाला भिडणारं घालणे'. त्याच्याखाली मॅडमनी पेन्सिलने लिहिलंय: 'काय घालणार होतात? मला वाचायचं होतं.'

हे एवढं वाक्य मात्र मी परत परत वाचलं.

२६ नोव्हेंबर
निकाल कळवला होता, त्यावर मॅनेजरसाहेबांचा फोन. जागा दुसऱ्याला दिली. वाईट वाटतंय म्हणाले, आणि खरंच वाटत होतं. पुढे कधी जागा निघाली तर पदवी घेऊन या म्हणाले.

आईला सांगितलं. संध्याकाळी बघतो तर खिळ्यावर कॅलेंडर.
“तारीख दारातूनच दिसते आता,” ती म्हणाली. “तात्पुरतं लावलंय.”
ताईने आज टोमणाही मारला नाही. तेच जास्त लागलं.

१ डिसेंबर
कोर्स पुन्हा करायला अर्ज लागतो. सकाळी बसलो. शब्दांची पहाट वगैरे डोक्यात उमलू लागली होती, तिला बाहेरच ठेवलं. एकच ओळ लिहिली: 'मला वाचन आणि लेखन हा कोर्स पुन्हा करायचा आहे.' वाचली. परत वाचली. खोट सापडली नाही. खिडकीत दिली आणि ताठ मानेने जिन्यापर्यंत आलो, तेव्हा आठवलं की खाली नावच घातलेलं नाही.

धावत परत गेलो. क्लार्कच्या हातात कागद तसाच होता. म्हटलं, तो माझा आहे, नाव राहिलं. त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला.

“तुमचा नाही हो हा,” तो म्हणाला. “तुमचा मी ओळखतो. आणि यात काय हवंय ते कळतंय.”