प्रमोदिनीचा खोकला आणि दोन व्हॅक्यूम क्लीनर

बेळगाव, ४ डिसेंबर १९३७
प्रमोदिनीचा खोकला दिवाळीपासून हटत नाही. डॉक्टर म्हणतात, मिरजेला नेऊन छातीचा फोटो काढा. डॉक्टर तरुण आहेत, घाबरतात. मी वकील. पुरावा तपासल्याशिवाय निकाल मानत नाही. बैठकीतला लाल गालिचा पाहिला आणि कारण सापडलं. धूळ! शिवाय लतिकेला निपाणीचं स्थळ सांगून आलेलं असताना तिच्या आईला मिरजेला नेणं म्हणजे गावभर दवंडी. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करून घेतं? अर्थात आपल्याकडे क्षय नाहीच.

७ डिसेंबर
कॅम्पात एका मेजरच्या सामानाचा लिलाव होता. हातपंपाचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. एकाने भाता मारायचा, दुसऱ्याने नळी फिरवायची. भात्यावर मोलकरीण मालुबाई. गालिच्याला धक्काही लागला नाही. निघाली थोडी सुपारी आणि कुणा अशिलाचं बटण. मालुबाई म्हणाली, मालक, ह्येच्यापरीस परसात टाकून बडवूया की. यंत्रयुग या लोकांना कळणं कठीण.

१२ डिसेंबर
खडेबाजारातून विजेचं यंत्र ट्रायलवर आणलं. खाली गोल ब्रश फिरतो. गर्जना ऐकून शेजारचे सुबराव मास्तर कुंपणाशी आले. त्यांना सविस्तर सांगितलं की बायकोला धुळीचा त्रास, म्हणून हा खटाटोप. चारचौघांत हेच कारण गेलेलं बरं. पिशवी उघडली तर लाल गच्च! बेळगावची लाल माती इतकी वर्षं बिचारीच्या छातीत जात होती. हातपंप नापास.

१९ डिसेंबर, सकाळी
रोज दोन वेळा यंत्र. रोज पिशवी लाल. प्रमोदिनीला मुद्दाम दाखवली. तिने चिमूटभर घेऊन बोटांत चोळली आणि म्हणाली, अहो, ही माती नव्हे, लोकर आहे. आजारात माणूस निराशावादी होतो. मग तिला उबळ आली. पदर मुठीत आवळून न्हाणीघरात गेली. पदरावर काय होतं ते मी पाहिलं नाही.

२ जानेवारी १९३८
गालिच्याच्या मधोमध आतली सुतळी दिसू लागली. धूळ संपत आल्याचं लक्षण. तिथे टेबल ठेवलं. खोकला मात्र वाढला. थंडीचा असावा. सदलग्याहून मेहुणा उपेंद्र आला. म्हणाला, भावोजी, उद्याच तिला मिरजेला नेतो. मी म्हटलं, मुलगी बघायला लोक यायचेत, तेवढं उरकू दे. प्रमोदिनीनेच माझी बाजू घेतली. लतिकेचं ठरू दे, मग न्या कुठं न्यायचं ते, म्हणाली. बाई समजूतदार.

१६ जानेवारी
निपाणीकर येऊन गेले. सकाळीच घरात सर्वांना ताकीद दिली होती, कुणी खोकायचं नाही. प्रमोदिनी तोंडात खडीसाखर धरून माजघरात बसली. एकदाही आवाज नाही. फत्ते! निघताना मुलाच्या आई दुर्गाबाई म्हणाल्या, तुमच्याकडं धूळ ओढायचं यंत्र आहे म्हणे. कीर्ती निपाणीपर्यंत पोचली तर.

२४ जानेवारी
नकार आला. दुर्गाबाई त्या दिवशी जाताना सुबराव मास्तरांकडे चौकशी करून गेल्या होत्या. दोन-दोन यंत्रं आणावी लागतात तो खोकला साधा कसा, असं म्हणाल्या. मास्तरांशी बोलणं बंद. दुपारच्या गाडीने उपेंद्र प्रमोदिनीला मिरजेला घेऊन गेला. लतिकेला मालुबाईच्या सोबतीने घरीच ठेवलं. आज मी कुणाला अडवलं नाही.

११ फेब्रुवारी
मिरजेहून परतलो. एकटाच. प्रमोदिनी परवा पहाटे गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, दिवाळीतच आणायला हवं होतं. मी धुळीचं सांगायला गेलो, तर त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. क्षय होता. घर खायला उठतं.
संध्याकाळी लतिका बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली. रडून डोळे सुजलेले. पोरीने खाली बघत विचारलं, अप्पा, स्थळ तर मोडलं, आता मी खोकले तर चालेल का.