पुस्तकात गेलेली विहीण

१४ मे १९८५

लग्नात विहिणीला नावं ठेवणारं गाणं म्हणतात, तिच्या तोंडावर, तिचंच नाव घेऊन, आणि ती विहीण हसते. का हसते? मला सांगता येत नाही. बी.ए.ला मराठी घेतलं, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, तरी येत नाही. हे इथेच लिहिते. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही.

परवा सिंधूचं लग्न झालं. धाकटी बहीण, माझ्या आधी. (लोक विचारत होते. मी सांगितलं, मला वाङ्मयाचं काम आहे.) पंगतीत आमच्या बाजूनं चतुराकाकूंनी आवाज लावला. त्या आमच्या शेजारच्या. गावातलं कुठलंच लग्न त्यांच्या तोंडाशिवाय लागत नाही. सिंधूच्या सासूचं नाव घालून म्हणाल्या,

टँकर आला येशीला, घागरी लागल्या रांगंला
बसम्मा इहीण म्हणती गं, आधी पाणी म्हशीला

मांडव हसला. बसम्माबाईंचे यजमान शंकरप्पा त्यांच्या गावचे सरपंच. टँकर आधी त्यांच्याच दारात थांबतो असं लोक बोलतात म्हणे. बसम्माबाईंनी घास गिळला आणि जागेवरच उलट गाणं जोडलं. नवरीचा बाप, म्हणजे आमचे अप्पा, आधी स्वतःच्या मिशांना तूप लावतात, उरलं तर पाहुण्याला वाढतात, असं काहीतरी. अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग नवरीची आई म्हणून अव्वानं विहिणीला जिलेबी भरवली.

संकल्प: आपल्या नव्या जिल्ह्याला स्वतःचं गाण्यांचं पुस्तक पाहिजे. लहानथोर सर्वांसाठी. ते मी करणार.

१७ मे

पहाटे उठून बायकांकडे जायचं ठरवलं होतं. उठले तेव्हा टँकर येऊन गेला होता. अव्वा म्हणाली, आता गाणी पिऊन ऱ्हा दिवसभर.

चतुराकाकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, तू लिवाय लागलीस की माझं ध्यान तुझ्या पेनाकडं जातंय बघ, गाणं कुठल्या कुठं पळतंय. तरी बरीच मिळाली. पाळणे, पंचमीची, फेराची, फुगडीची. घरी येऊन सगळी शुद्ध केली. न्हाईचं नाही केलं, इहिणीची विहीण केली. एरवी मूळ शब्दाला धक्का लावायचा नाही, हे माझं तत्त्व आहे.

४ जून, नांदेड

शेषेराव सरांना भेटले. कॉलेजात त्यांनीच लोकसाहित्य शिकवलं. त्यांच्या ओळखीचा प्रेसवाला आहे. सरांनी पानं उलटली आणि म्हणाले, हे सगळं आधीच्या पुस्तकांतून येऊन गेलंय. आपल्या मातीतलं, आजचं असं काही नाही का?

मी टँकरचं गाणं म्हणून दाखवलं. हळूच, कारण खोलीत दुसरे दोन प्राध्यापक चहा पीत होते. सर उभेच राहिले. म्हणाले, हे खरं दुष्काळाचं लोकगीत. मग त्यांनी विचारलं, ही बसम्मा कुणी खरी बाई आहे का?

मी म्हणाले, प्रतीक आहे.

हे खोटं नाही. लोकगीतातली व्यक्ती ही व्यक्ती नसतेच. हे सरांनीच सेकंड इयरला शिकवलं होतं.

६ जून

नाव बदलून पाहिलं. 'यमुना विहीण म्हणते गं.' चालीत अगदी चपखल बसतं. पण मग ते खरं गाणं राहील का? सत्याशी तडजोड नाही. बसम्माच ठेवलं. तळटीप दिली: 'बसम्मा: दुष्काळी लोकमानसातील लोभी विहिणीचे प्रतीक.' वाचताना भारदस्त वाटतं.

अप्पांच्या मिशांचं गाणं घेतलं नाही. त्याचं साहित्यमूल्य कमी आहे.

शिवाय सिंधूच्या सासरी पुस्तक कोण वाचतं.

हे शेवटचं वाक्य खोडायचं आहे. पेन संपत आलंय. उद्या खोडीन.

११ जुलै

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर 'वय वर्षे पाच ते पंच्याहत्तर'. संपादक म्हणून सरांचं नाव. माझं आत, 'साहाय्य' या शब्दाखाली, बारीक. मला नावाचा मोह नाही. फक्त छपाई नीट आहे ना, म्हणून ते पान परत परत बघितलं.

अप्पांनी पुस्तक लांब धरून वाचलं. जिल्हा लातूर असं छापलेलं बघून म्हणाले, खरंच झाला म्हणायचा. ते अजून अर्जावर उस्मानाबादच लिहितात.

चतुराकाकूंना वाचून दाखवलं. टँकरच्या गाण्यापर्यंत त्या फुटाणे खात होत्या. मग थांबल्या. म्हणाल्या, आन् त्येंचं उलट गाणं कुठाय? मी निवडीचे निकष समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, हाव का. फुटाण्यांची पुडी कमरेला खोचून उठल्या. घरी काम असेल.

२० जुलै

कापडी पिशवीत पुस्तकं भरून आसपासच्या शाळांना वाटून आले. एसटीनं आणि मग पायी. पाऊस नुसता गडगडतो आणि जातो. सगळ्यात शेवटी सिंधूच्या गावची शाळा राहिली. फाट्यावर बराच वेळ उभी होते. पण एका शाळेला वगळणं म्हणजे तिथल्या मुलांवर अन्याय, असा विचार केला आणि गेले. सिंधूकडे मात्र गेले नाही. उशीर झाला होता.

तिथले धोंडप्पा गुरुजी फार खूश झाले. पंधरा ऑगस्टला पुस्तकातलं एक गाणं मुलांकडून ॲक्शनसकट बसवतो म्हणाले. कोणतं ते मी विचारलं नाही. चिमणीचा पाळणा असणार. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे.

८ ऑगस्ट

गुरुजींचा निरोप आला, प्रमुख पाहुण्या म्हणून या. अव्वाची इरकल साडी नेसणार. भाषण तयार केलं. विषय, 'गाणं पुस्तकातून पुन्हा ओठांवर.' म्हशीसमोर म्हणून बघितलं. म्हैस शेवटपर्यंत थांबली.

पंधराला झेंडा, पुढच्या बुधवारी पंचमी. सिंधूची लग्नानंतरची पहिली पंचमी. अव्वानं लिंबाची फांदी बघून ठेवली आहे झोक्यासाठी. आमच्याकडे सासुरवाशीण दिवाळीला नाही आली तर चालवून घेतील, पंचमीला आलीच पाहिजे. अव्वा म्हणते, सिंधू आली की मला पोटभर झोप लागंल.

१५ ऑगस्ट

लिहू नये असं वाटतं. लिहिते.

शंकरप्पांनी झेंडा फडकवला. बसम्माबाई पहिल्या रांगेत, सतरंजीवर. मागं बायकांत सिंधू, डोक्यावर पदर. मला खुर्ची.

गुरुजी म्हणाले, आता पाहुण्या बाईंच्या पुस्तकातलं दुष्काळी लोकगीत. एक मुलगी लुगडं गुंडाळून आली, हातात काठी. तिच्यामागं दोन पोरं एका घोंगडीखाली. म्हैस.

मी टाळ्या वाजवत होते. पहिली ओळ होईपर्यंत वाजवत होते.

पोरांनी 'बसम्मा' या शब्दावर जोर दिला होता. गुरुजी परगावचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी प्रतीक वाचलं होतं, प्रतीकच बसवलं. म्हैस घागरीत तोंड घालून पाणी प्यायली. मागून पुरुषांचं हसू आलं. मांडवातलं हसू असं नव्हतं. एक जण म्हणाला, पुस्तकातच छापलंय म्हणल्यावर झालं की सिद्ध.

शंकरप्पा झेंड्याच्या दोरीकडे बघत होते. बसम्माबाई उठल्या नाहीत. पुन्हा एकदा म्हणा, असं कुणीतरी ओरडलं आणि पोरांनी पुन्हा म्हटलं, तेव्हाही उठल्या नाहीत. सिंधूनं पदर तोंडावर ओढून घेतला.

मग माझं भाषण होतं. मी ते केलं. पूर्ण.

१६ ऑगस्ट

अप्पा मुराळी म्हणून सिंधूला आणायला गेले होते. एकटेच परत आले. खळ्यावर बैलगाडी सोडली आणि तिथंच दगडावर बसून राहिले. अव्वानं विचारलं तर म्हणाले, चहा दिला, साखर टाकून दिला. पोरगी दिली न्हाई. जावई, आमचे रेवणसिद्ध, वर मान करून बोललेच नाहीत म्हणे.

अव्वा भाकरी थापताना एकदा थांबली आणि म्हणाली, तू शिकलीस तवा मी गावभर साखर वाटली होती.

मी खुलासा लिहायला घेतला. तीन पानं झाली. सुरुवात 'लोकसाहित्य म्हणजे' अशी आहे. चौथ्या पानावर माफी येणार होती.

१७ ऑगस्ट

निश्चय: शाळाशाळांतून ते पान ब्लेडनं कापून टाकायचं. निघाले.

पहिल्या शाळेत पान आधीच निखळलेलं होतं. हाताळून हाताळून. बाकी पुस्तक कोरं. चिमणीच्या पाळण्याची पानं एकमेकांना चिकटलेली, उघडलेलीच नव्हती. बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, 'आधी पाणी म्हशीला'वर पाय बदलत. त्यांना विचारलं, हे गाणं कुठलं? म्हणाल्या, आपलंच हाय, जुनं.

गाणं पुस्तकातून ओठांवर आलं आहे. भाषणात मी हेच मागितलं होतं.

सिंधूच्या गावाजवळ टँकर भेटला. मागं पोरं पळत होती, तेच म्हणत. ड्रायव्हर हॉर्नवर ठेका धरत होता. टँकरला आता लोक बसम्माचा टँकर म्हणतात. फाट्यावरच्या हॉटेलात कळलं की सरपंचाच्या घरची घागर पंधरा तारखेपासून रांगेत येत नाही. घरची बाई येऊ देत नाही. नवी सून मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणते, तिथं जेमतेम चिखल आहे.

ब्लेड पर्समध्येच राहिलं. पैसे काढताना बोट कापलं.

१९ ऑगस्ट

बसम्माबाईंकडे गेले. खुलासा सोबत नेला. काढला नाही.

त्या सोप्यात ज्वारी निवडत होत्या. बस म्हणाल्या. गूळपाणी दिलं. मी ते पाणी बघत राहिले, गढूळ होतं, आणि पिऊन टाकलं. मी म्हणाले, चूक झाली. त्या निवडतच होत्या. म्हणाल्या, मांडवात म्हणलं तवा मला राग आला न्हाई. मी बी म्हणले की तुज्या बापाला. फिटलं. आता साळंत म्हणून राहिलेत, टँकरमागं म्हणून राहिलेत. मी कुणाला उलट म्हणू? लेकरांला? का तुज्या पुस्तकाला?

मी म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत तुमचं गाणं नक्की घालते.

त्यांनी विचारलं, तवर?

मग मी सिंधूला पंचमीला पाठवा म्हणाले. अव्वाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, धाडायला माझी काय ना न्हाई. पर पंचमीला झोक्यावर बसली की सासुरवाशीण सासूचं गाऱ्हाणं गाणारच. मी बी गायलंय माझ्या सासूचं, लई वंगाळ गायलंय. झोका थांबला की सपतं ते. तुमच्या घरी सपत न्हाई, बाई. तू तितं बसणार. सून माझी काय म्हणंल ते उद्या लातुरात छापून यील. तू हाईस त्या घरी मी तिला कशी धाडू?

मी शपथ घेतली, लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, लग्नात तरी कुठं लिवत होतीस? गप बसली होतीस की हासत.

हे खरं आहे. मी हसत होते आणि पाठ करत होते.

सिंधू आतल्या दारात उभी होती. तिच्या तळहातांना दोरीचे वळ पडले आहेत. मी निघाले तेव्हा हळूच म्हणाली, अक्का, तुला एवढी गाणी येतात, ह्येच कसं सापडलं गं?

पंचमी, नांदेड

मैत्रिणीच्या खोलीवर आहे. तीही गावी गेली, किल्ली घरमालकिणीकडे ठेवून.

अप्पांना सांगितलं, सरांनी कामाला बोलावलंय. अप्पा म्हणाले, पंचमीचं? मी म्हणाले, अर्जंट आहे. अव्वाला सगळं कळलं असणार, कारण तिनं काही विचारलं नाही. नुसत्या लाह्या आणि दिंडं बांधून दिली. मी शंकरप्पांच्या गड्याकरवी निरोप पाठवला, मी घरी नाही, परवापर्यंत येणार नाही, सिंधूला पाठवा. मग अप्पा पुन्हा मुराळी म्हणून गेले.

उदगीरच्या स्टँडवर नांदेडहून येणाऱ्या गाड्यांतून नुसत्या लेकीबाळी उतरत होत्या. बांगड्या, पिशव्या, कडेवर पोरं. नांदेडची गाडी रिकामी. कंडक्टर चिमटा वाजवत आला आणि म्हणाला, ताई, चुकून बसलात का? पंचमीच्या पोरी तिकडून इकडं येतात.

मी म्हणाले, माझी बहीण येते आहे.

तो म्हणाला, मग तुम्ही कामून निघालात?

आता दुपार झाली. तिकडे लिंबाला झोका बांधून झाला असेल. चतुराकाकू आल्या असतील. सिंधू काय गात असेल ते मला माहीत नाही, आणि तिला विचारणारही नाही.

कंडक्टरनं विचारलं तेव्हा मी सुटे पैसे पुढं केले आणि नांदेडचं तिकीट घेतलं.