दोन्ही कोपरं सारखी झिजलेला कोट

आबा, एक शब्द टाकला असता तर तुमचं काय बिघडलं असतं, हे मी अजून विचारतोय. तुम्ही नाहीत म्हणून भांडण मिटलं असं काही झालेलं नाही. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती, की लोणावळ्याच्या ज्या बंगल्यात तुम्ही माळी होतात तिथल्या साहेबांना सांगा, माझ्या पोराला माळीकामाला ठेवा. साहेब तुम्हाला एवढे मानायचे. तुम्ही काम सोडलंत तेव्हा त्यांनी स्वतःच्या अंगातला मिलिट्री रंगाचा कोट काढून तुमच्या अंगावर घातला, ही गोष्ट आपल्या आख्ख्या औंढे गावाला पाठ होती. पारावरची माणसं तुम्हाला ‘मेजर’ म्हणून हाक मारायची आणि तुम्ही ओ द्यायचा. मग पोरासाठी एक शब्द जड का झाला? तुम्ही चुलीपुढं जेवत होता. मान वर न करता म्हणालात, “त्यांच्या फाटकाशी नुसता दिसलास तरी तंगडं मोडीन.” मी म्हणालो, “का पण?” तर म्हणालात, “तुजी लायकी न्हाई म्हणून.” आई भाकरी थापता थापता थांबली. पुढं दोन वर्षांत तुम्ही तापानं गेलात, आणि ते वाक्य माझ्याकडं राहिलं.

आता मी हैदराबादला असतो. काम ऐकलंत तर शिव्याच घालाल. सिनेमासाठी नवे कपडे जुने करायचे. सध्याच्या सिनेमात जग बुडालंय, थोडी माणसं उरलीत, आणि ती सगळी मिलिट्री रंगाच्या चट्ट्यापट्ट्याच्या कपड्यांत अन्नासाठी हिंडतात. कपडे येतात ते घडी न मोडलेले, खळीचा वास मारणारे. आम्ही ते उकळून खळ काढतो, ब्लीचच्या पाण्यात रंग उतरवतो, तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासतो. खिशात दगड भरून ओलेच टांगतो, म्हणजे खिसे लोंबतात. मग चहाचं पाणी, माती, कॉलरला ग्रीस. गुडघ्यावर फाटलेली पँट घातली म्हणून तुम्ही मला आख्ख्या आळीसमोर बोलला होतात, आता मला त्याचाच पगार मिळतो. पण आम्हाला हे काम शिकवणारा उस्ताद कडक आहे. फाडता कुणालाही येतं, म्हणतो. उजव्या हातानं काम करणाऱ्याचं उजवं कोपर आधी जातं, पिशवी वाहणाऱ्याचा एकच खांदा विरतो, आणि खिशावरच्या झाकणाखाली ऊन पोचत नाही म्हणून तिथला रंग गडद राहतो. हे चुकलं की कपडा तोंडावर फेकतो.

तुमचा कोट तुम्ही गेल्यावर आईनं माझ्या पिशवीत घातला होता. तुम्ही असताना तो प्लास्टिकमध्ये बांधून पेटीत असायचा, थंडीत पारावर जाताना मफलरवर तेवढा चढवायचात, मला कधी हात लावू दिला नाहीत, आणि तुम्ही गेल्यावर मला तो घालायचा धीर होईना, म्हणून इतकी वर्षं तो खोलीत खिळ्यालाच होता. गेल्या थंडीत एकदा पहाटेचं शूटिंग होतं, गारठा होता, म्हणून अंगात चढवला. कामाला लागताना काढून मांडवाच्या दोरीवर टाकला, तर तो आमच्या कपड्यांच्या ढिगात मिसळला. उस्ताद एकेक कपडा तपासत आला. तुमच्या कोटापाशी थांबला, बाह्या ताणून बघितल्या आणि सगळ्यांदेखत विचारलं, “ये किसका काम है मियां? कोई नया भर्ती हुआ क्या?” मग कोपरं सगळ्यांना दाखवत म्हणाला, “दोनों कोहनियां एक सरीखी. आदमी था कि मशीन?” पोरं हसली. मीही हसलो. माझ्या बापाचा आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. कारण त्याचं बरोबर होतं.

खोलीवर नेऊन मी तो दिव्याखाली पसरला. कॉलरच्या आतली बाजू कोरी, मानेच्या घामाचा एक डाग नाही. खिशाचं झाकण उचललं, तर खालचा रंगही वरच्याइतकाच उडालेला. हे उस्तादाला दाखवलं असतं तर तो अजून हसला असता. पण एक गोष्ट त्याला कळली नसती, ती फक्त आपल्याकडच्या माणसाला कळते. लोणावळ्यात चार महिने कपडा वाळत नाही. तिथं एक पावसाळा काढलेल्या जाड कपड्याच्या शिवणीत बुरशीचे काळे ठिपके बसतात आणि ते मरेपर्यंत जात नाहीत. तुमच्या साध्या सदऱ्यांनासुद्धा होते. साहेबांनी म्हणे हा कोट त्या बंगल्यात वर्षानुवर्षं वापरला होता. मी अस्तर उलटं करून शिवणी बोटानं उघडून बघितल्या. एक ठिपका नाही, आबा. हा कोट बाजारातून नवा आलेला होता आणि कुणीतरी बसून, मन लावून, पण शिकाऊ हातानं जुना केला होता.

तेव्हापासून मला तुमच्या सगळ्याच गोष्टींची शिवण उघडून बघावीशी वाटायला लागली. आईला फोन केला. म्हणालो, “आये, तो कोट साहेबांनी कधी दिलता गं?” ती म्हणाली, “तुला कुनी काय म्हनलं का?” कोपरांचं मी अजून काहीच बोललो नव्हतो.

“कुणी न्हाई. सहज.”

“सहज इचारायची जात न्हाई तुजी. बाप तसा तू.”

मग मी सरळ कोपरांचं सांगितलं. मागं कुणाची तरी म्हैस हंबरत होती. मग हळूहळू सांगायला लागली. साहेबिणीचं चांदीचं तबक चोरीला गेलं होतं. घरात माळी सोडून बाहेरचं माणूस नाही, म्हणून राहिलेला हिशेबही न देता तुम्हाला हाकललं. तुम्ही त्या रात्री घरी आलाच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आलात ते कोट घेऊन. “इटकरीच्या तुकड्यानं घासत बसलं. मला म्हनले, घरात चहाची पावडर किती हाय? मी म्हनलं, पाव्हनं यायचेत का? तर म्हनले, गाव यायचंय.”

मी विचारलं, “आणि तबक?”

“मी इचारलं न्हाई. त्यांनी सांगितलं न्हाई.”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं? मी मरायच्या आदी कळाया पायजे हुतं, येवडंच.” आणि लगेच, “फोनला पैसं पडत आसतील तुला,” म्हणून ठेवून दिला. आता फोनला पैसे पडत नाहीत, हे तिला चांगलं माहीत आहे.

म्हणजे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला नाहीत, कारण तिथं तुमचाच शब्द उरला नव्हता. एवढं सांगितलं असतंत तर मी काय गावभर करणार होतो? करणार होतो कदाचित. चौदा-पंधराचं वय, तोंडाला लगाम नाही. पण ‘लायकी न्हाई’ हे तुम्ही कुणाला म्हणालात, मला की स्वतःला, हे मला आता ठरवता येत नाही. आणि दुसरंही ठरवता येत नाही. कधी वाटतं, ज्यानं चोरी केली तो कशाला विटकर घेऊन कोट घासत बसेल, तो सरळ गाव सोडून जाईल. मग आठवतं, त्याच दिवाळीला तुम्ही मला काळे बूट आणले होते, नवे, डब्यातले. मी विचारलं होतं पैसे कुठले, तर तुम्ही डबा माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेलात. काम सुटलेलं, हिशेब बुडालेला, आणि घरात बूट आणि कोट. कपडा असता तर मी सांगितलं असतं, खरा झिजलाय की झिजवलाय. माणसाला कुठं उलटं करून बघणार?

मागच्या रजेत तुमची धमकी मोडून त्या फाटकाशी गेलो. बंगल्याला आता स्विमिंग टँक आहे आणि तो दिवसावारी भाड्यानं देतात. वॉचमननं विचारलं, “बुकिंग हाय का?” मी जुन्या साहेबांचं विचारलं. “कोन साहेब? चार मालक बदलले की भाऊ. तुमी टाकव्याचे का?” मी म्हणालो, औंढ्याचा. तो म्हणाला, “मग गावातच इचारा की, गावाला समदं ठाव असतंय.” गावाला मेजर ठाऊक आहेत. मी परत फिरलो.

आई आता थकलीय. मी गेलो की दारातून माझ्या हातांकडं बघते, तोंडाकडं नाही. मला वाटतं तीही शिवणी बघतेय, तुमचं काय काय माझ्यात उतरलंय ते. म्हणून परवा मी तिला फोन करून सांगितलं की साहेबांच्या मुलाचा फोन आला होता. घर विकताना पोटमाळ्यावर तबक सापडलं होतं, त्यांना फार वाईट वाटलं, माफी मागत होते. ती म्हणाली, “त्याला तुजा नंबर कुनी दिला?” उत्तर मी आधीच तयार ठेवलं होतं, वॉचमनजवळ लिहून ठेवला होता म्हणून. “व्हय का,” ती म्हणाली. रडली नाही, हसली नाही. खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. मग म्हणाली, “मंग ऱ्हायलेला हिशेब दिला का त्यांनी?”

मी दिला म्हणालो. तुमच्या पोराला दुसरं काय सुचणार? आज पैसे पाठवायच्या दुकानात जाऊन तिच्या खात्यावर पाठवतोय. आधी पाच हजार म्हणालो, मग दुकानदाराला थांबवलं. कुठल्या माळ्याचा राहिलेला पगार असा गोल आकड्यात निघतो? चार हजार सहाशे चाळीस.