नर्मदेचा हिस्सा आणि 'फ्रीडम'

मी भिकाजी विठोबा लोके, वय ७९, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार मिठबाव, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग. डोके ठिकाणावर आहे, हात थरथरतो एवढेच. कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. बँकेतील ठेव व हापूसची अकरा कलमे मुलगा धनेश यास. फवारणी वेळेवर करावी. मुंबईत बसून नुसत्या पेट्या मागवू नयेत.

२. इंग्रजी शब्दकोश शाळेस. कुलपात ठेवणार असतील तर देऊ नये. त्यानेच गेल्या वर्षी माझी झोप उडवली. चौतीस वर्षे मी 'फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य' सांगून फळा पुसला. आता निवांतपणी मूळ पाहिले, तर 'फ्री' हा आपल्या 'प्रिय'चा सख्खा भाऊ निघाला. जुन्या काळी घरातली जिवाची माणसे ती 'फ्री', बाकीची राबणारी. शेवटचा 'डम' हा प्रत्यय म्हणजे निवाडा, ठरवून दिलेली स्थिती; 'किंगडम'मध्येही तोच. म्हणजे घरात आपले कोण, याचा निवाडा. वाचत होतो तेव्हा स्वयंपाकघरात नर्मदा भांडी घाशीत होती.

३. नर्मदा ही माझा धाकटा भाऊ भाई याची विधवा. भाई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी तिला देवगडला नेले, घरपट्टीच्या नोंदीला सही हवी म्हणून. कागद भाईच्या निम्म्या हिश्श्याच्या हक्कसोडपत्राचा होता. आमच्याकडे बायका एका साडीवर हक्क सोडतात, सगळेच करून घेतात, अशी मी मनाची समजूत घातली. मी तर तिला साडीही घेतली नाही! लाज वाटते. एकतीस वर्षे ती इथे राबली. माझ्या बायकोचे दुखणेही तिनेच काढले.

४. सबब निम्मे घर, विहीर व माड नर्मदेस पूर्ण मालकीने. उरलेले निम्मे धनेशचे. तो म्हणतो, "काकीला आश्रमात ठेवू, घर होमस्टेला देऊ." बाबा रे, तिचे निम्मे तुझ्या बापाचे कधीच नव्हते. कोर्टात गेलास तर हा माझा कबुलीजबाब समज.

५. काल हे तिला वाचून दाखवले. वाटले, रडेल, शिव्या देईल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तो कागद कसलो, ता माका तेवाच ठावक होता, भावजी. सही नाय केली असती, तर मी जातलंय खंय?"

खरेच, कुठे जाणार होती ती? म्हणून कलम ४ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सोमवारी तिच्या नावे बक्षीसपत्र नोंदवतो. त्याआधी मी गेलो, तरच ते कलम वापरावे.

सही: भि. वि. लोके
मिठबाव, दि. १४ नोव्हेंबर २०२४

मास्तरांनी आम्हा दोघांसमोर सही केली. हात थरथरला, पण कोणी धरला नाही.
साक्षीदार: १. बाबली गणू धुरी २. ओंकार रमाकांत जोईल