हिरव्या लुगड्यातली बाई

१३ डिसें., शनि.
सावंगी. जलरंगाच्या क्लासचा तिसरा शनिवार. ठमके मॅडमनी माझी पेन्सिलच काढून घेतली. शाळेत चित्रकला शिकवायच्या, सवय जात नाही. "भगतताई, तुम्ही अजून पाटबंधाऱ्याचे नकाशे काढून राह्यल्या. कागद ओला करा, रंग सोडा अन् हात मागं घ्या." तीस वर्षं ऑफिसात नकाशांचं ट्रेसिंग केलं. रेघ जरा हलली की साहेब शीट परत करायचे. आता म्हणे हात मागं घ्या.
झाड काढलं. पालकाची भाजी झाली.

१६ डिसें., मंगळ.
सकाळपासून तीन कागद वाया. चौथ्यावर पऱ्हाटीचं शेत घेतलं. पाणी जास्त झालं, हिरवा पसरत गेला, अन् मधे एक बाई उभी राहिली. मी काढली नव्हती. हिरवं लुगडं, ओटीत कापूस, मान जराशी वळलेली.
आई.
मी पाच वर्षांची असताना गेली. फोटो एकही नाही. माझ्याजवळ तिचं एवढंच: तळेगावचं शेत, तिच्या कडेवर मी, गालाला घासणारं हिरवं लुगडं, उन्हाचा वास. पेन्सिलनं किती वेळा चेहरा काढून पाहिला, दर वेळी कोणीतरी परकीच निघायची. इथं चेहरा नाहीच, तरी तीच.
संध्याकाळपर्यंत आणखी पाच केली. पुन्हा आली नाही.

२१ डिसें., रवि.
एसटीनं तळेगाव. दादाला दाखवायचं होतं. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा, त्याला ती आठवते. काचबिंदूनं उजवा डोळा गेला, डाव्यानं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. आणखी थांबले असते तर तेही...
चित्र नाकाजवळ धरून इकडून तिकडं सरकवत पाहत होता. मग म्हणाला, "माई आहे ही."
आमची थोरली बहीण? म्हटलं, दादा, आई आहे.
"आई तं वर्षभर खाटेवरच होती. हिरवं लुगडं माईचं. तुले कडेवर घेऊन वेचणीले माईच जाये. पंधरा वर्षांची पोरगी. तिची शाळा त्याच्यातच सुटली. तुले कोणं सांगतलं नाई का?"
नाही सांगितलं कोणी. वहिनीनं ताट वाढलं होतं. जेवले का, आठवत नाही.

२२ डिसें., सोम.
काही केलं नाही. रंग वाळले.
माई लग्न होऊन कारंजाला गेली तेव्हा मी आठ वर्षांची. रडले नाही म्हणे, काकू सांगायची. पुढे शिक्षण, नोकरी. माईकडे गेले ती लग्नकार्यापुरती. एकदा ती न सांगता ऑफिसात आली, साधं पातळ, पायात स्लिपर. सगळ्या पाहत होत्या. मी तिला फाटकाशीच नेऊन परत पाठवलं...

२७ डिसें., शनि.
क्लास बुडवला. माईला फोन केला.
"काऊन वं, कोणी गेलं का?" पहिलं हेच विचारलं.
म्हटलं, नाही, भेटायला येते.
"येजो."

४ जाने., रवि.
कारंजा. माई पार वाकली. ओट्यावर बसलो. हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं. दादा काय म्हणाला ते सांगितलं नाही, नुसतं चित्र हातात दिलं.
"आई होय ही." लगेच म्हणाली.
"अन् हिरवं लुगडं?"
"आईचंच. दादा काई म्हणे का? लहान होता तो, त्याले काय आठवते."
"मग मला कडेवर घेऊन शेतात कोण जायचं?"
"आईच जाये. आणखी कोण?" माझ्याकडे पाहिलं नाही. त्या बाईच्या खांद्यावरून बोट फिरवत राहिली.
ऑफिसच्या फाटकाचं बोलायचं होतं. उठून चहाचे कप विसळले.
चित्र तिनं ठेवून घेतलं. स्टँडवर सोडायला आली, नको म्हटलं तरी. म्हणाली, "माझंही एखादं काढून देजो."
विचारलं, "लुगडं कोणत्या रंगाचं काढू?"
"तुले आठवंल ते."
तेवढ्यात एसटी लागली.