मायेचा हात होम सर्व्हिस, श्रीरामपूर

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या धंद्याची सुरुवात कशी झाली हे पुढे कुणीतरी विचारतंच. तेव्हा आठवणीच्या भरवशावर राहून चालत नाही.

आयडिया अशी. माझ्या एसटीडी बूथवर मुंबई-पुण्याहून पोरांचे फोन येतात. सगळ्यांचं एकच म्हणणं, गोरक्षभाऊ, आमच्या म्हाताऱ्याकडं जरा चक्कर टाका ना. मी टाकतो म्हणतो. टाकत नाही, वेळ नसतो. म्हणजे गरज आहे, मार्केट आहे, फक्त जाणारं माणूस नाही. तर माणूस ठेवायचं. थकलेल्या लोकांची घरी येऊन देखभाल. नाव ठरलं, मायेचा हात होम सर्व्हिस. पेंटरला बोर्डावर हात काढायला सांगितलं, तर त्याने निवडणुकीतला काढला. अंगठा थोडा वाकवून घेतला.

आई आतून हाका मारत होती. दिवाळीच्या आधी तिला लकव्याचा झटका आला, डावी बाजू कमजोर झाली. तिचं सगळं माझी बायको धनश्री बघते. बूथ पुढच्या खोलीत, आई मागच्या खोलीत. तरी बूथ सोडून मी कसा जाणार?

२१ नोव्हेंबर
स्टाफ भरला. बनुबाई. वय पंचावन्न सांगते, गुडघे जास्त सांगतात. आधी लग्नात पोळ्या लाटायची. पण चेहरा मायाळू आहे आणि या धंद्यात चेहराच लागतो.

दुपारी ट्रेनिंग. पेशंट म्हणून उशी घेतली. उशीला कुशीवर कसं वळवायचं, उशीशी गोड कसं बोलायचं, सगळं करून दाखवलं. बनुबाई म्हणाली, भाऊ, उशी गप ऱ्हाती, मान्सानं उलटं बोललं तर काय करायचं? म्हटलं, ते ॲडव्हान्स ट्रेनिंगमध्ये. ट्रेनिंग मध्येच आटपावं लागलं. उशी आईची होती, तिला डोक्याखाली हवी होती.

२५ नोव्हेंबर
पहिली पार्टी मिळाली! बेलापूरचे रंभाजी गुरुजी. रिटायर्ड शिक्षक, ऐंशीच्या पुढचे. पत्नी भिमाबाई तीन वर्षांमागे गेल्या, तेव्हापासून एकटे. पावसाळ्यात अंगणात पडले, आता भिंतीला धरून चालतात. मुलगा संदीप ठाण्याला असतो. तो चला म्हणतो, गुरुजी हलत नाहीत. म्हणतात, या घराच्या विटा मी आणि भिमानं डोक्यावरून आणल्यात, जिवात जीव आहे तोवर इथंच.

संदीप फोनवर म्हणाला, भाऊ, तुमचं माणूस नीट असेल तरच बाबांना तिथं ठेवता येईल. नाहीतर मला त्यांना इकडे आणावं लागेल आणि ते इकडे जगायचे नाहीत. म्हटलं, निश्चिंत राहा. 'निश्चिंत राहा' हे बोर्डावर टाकायला हवं.

संकल्प: दर सोमवारी स्वतः बेलापूरला जाऊन सुपरव्हिजन.

२ डिसेंबर, सोमवार
गेलो नाही. बूथवर गर्दी. सुपरव्हिजन फोनवरून केली. गुरुजींच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन आहे. दुकानदार म्हणाला, दार उघडं दिसतंय. म्हणजे व्यवस्थित चाललंय.

९ डिसेंबर, सोमवार
नगरला लग्नाला गेलो. वाटेत एसटी बेलापूरला थांबली तेव्हा गुरुजींच्या घराच्या दिशेने बराच वेळ पाहिलं. सगळं शांत होतं. ही भेट धरायला हरकत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार
अखेर प्रत्यक्ष भेट. पाहतो तर गुरुजी ओट्याला टेकून स्टोव्हवर चहा करतायत आणि आमची बनुबाई खाटेवर पाय लांब करून बसलेली. गुडघ्यांना तेल. तेलही गुरुजींचंच.

मला पाहून बनुबाई उठायला लागली, तर गुरुजींनीच तिला बसवलं. म्हणाले, माझी आजी जन्मभर लोकांच्या दारात राबली. आता माझ्या दारात एक म्हातारी बाई राबते आणि मी बसून बघतो, हे मला जमायचं नाही. बनुबाई म्हणाली, मी नको म्हन्ते, पर गुर्जी ऐकत्यात व्हय? आन् च्या लई झ्याक करत्यात.

कोत्या मनाच्या माणसाला यात काहीतरी चुकलेलं दिसलं असतं. मला प्रगती दिसली. भिंत धरून चालणारा माणूस आज किटली उचलतो! महिनाभरही झाला नाही. मलाही कप मिळाला. आलं घातलं होतं.

संध्याकाळी संदीपला कळवलं, बाबा चालायला लागले. पोरगा फोनवर रडला. मलाही भरून आलं. असं समाधान दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळणार?

२८ डिसेंबर
धनश्री म्हणाली, आईंच्या पाठीला जखम होतेय, सारखी कूस बदलावी लागते, एकटीनं उचलत नाही, जरा हात लावा. म्हटलं, उचलायची एक पद्धत असते, पुढच्या बॅचला तूही बस.  मग भांडी बराच वेळ वाजत होती.

१ जानेवारी १९९७
नववर्षाचे संकल्प. पुणतांब्याला शाखा. बनुबाईला गुलाबी युनिफॉर्मची साडी. रोज अर्धा तास आईजवळ बसायचं. चहा कमी.

२ जानेवारी
साडी घेतली. आईजवळ बसलो. फोन आला. बाकीचं उद्या.

९ जानेवारी
संदीपचा फोन. ठाण्याहून वॉकर पाठवतो म्हणाला, बाबांना धरून चालायला. मी विचार केला, वॉकर आला की बेलापूरची माणसं म्हणणार, ही बाई यायला लागली आणि गुरुजी अधू झाले. शिवाय मी चालतात म्हणून सांगितलेलं. म्हटलं, वॉकर कशाला? बाबा किटली घेऊन घरभर फिरतायत. उगाच त्यांचा कॉन्फिडन्स जाईल. संदीप म्हणाला, तुम्ही तिथं आहात, तुम्हाला जास्त कळणार. राहू दे मग.

शिकलेली माणसंही अनुभवाला मान देतात. बरं वाटलं.

२० जानेवारी
बनुबाई ताप घेऊन आली. म्हणाली, भाऊ, अंग फनफनलंय, दोन दिस जात न्हाई. बदली माणूस नाही. पुष्पावती म्हणून एक बाई येणार होती, ती ऊसतोडीला गेली. बनुबाईला म्हटलं, तिथं जाऊन पडून राहा, खाडा नको. धंद्यात नियम लागतात.

२१ जानेवारी, दुपार
किराणा दुकानातून फोन. गुरुजी पडले.

२१ जानेवारी, संध्याकाळ
बनुबाईला हुडहुडी भरली म्हणून ते तिच्यासाठी गरम पाणी नेत होते. उंबऱ्यात तोल गेला. धरायला जवळ काही नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. बनुबाईनं त्या तापात रस्त्यावर जाऊन टेम्पो थांबवला, गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना इथं दवाखान्यात आणलं. ट्रेनिंग वाया गेलं नाही.

मी भेटायला गेलो तर गुरुजी म्हणाले, आधी बनुबाईंना डॉक्टर दाखवा, त्या सकाळपासून उपाशी आहेत.

२३ जानेवारी
संदीप आला. मी सगळं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. गुरुजींचा स्वभाव, बनुबाईचा ताप, जुन्या घरांचे उंबरे. त्याने एकच विचारलं, वॉकर नको असं का म्हणालात? म्हटलं, कॉन्फिडन्स.  तो उठून बाहेर गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला शिव्यांना उत्तर देता येतं.

१० फेब्रुवारी
गुरुजींना ठाण्याला नेलं. गाडीत घालताना त्यांनी घराकडे एकदाही पाहिलं नाही, असं बनुबाई म्हणाली. मी जाणार होतो. बूथवर माणूस नव्हतं.

बनुबाई गुलाबी साडी घडी करून परत द्यायला आली होती. म्हणाली, किल्ली माज्याकडं हाय. गुर्जींच्या अंगनातल्या पेरूला रोज पानी घालनार हाय मी. तुमच्याकडनं न्हाई, माजं मी.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. जेवणही गेलं नाही. दुपारी एक चौकशीचा फोन आला, तेव्हा जरा हुशारी आली. पण स्टाफ कुठाय?

१९ फेब्रुवारी
धनश्री अकोल्याला गेली, तिच्या वहिनीचं बाळंतपण. जाताना म्हणाली, आईंचं आता तुम्ही बघा. बोर्ड तर तुमचाच आहे. टोमणा होता, पण मी मनावर घेतला नाही. उलट संधी. आईची देखभाल आता पद्धतशीर होईल. टाइमटेबल करून भिंतीला लावलं.

२० फेब्रुवारी, सकाळ
टाइमटेबलप्रमाणे आठला आईची कूस बदलायची होती. फोन. नऊला भाकरी-दूध. एसटीडी लावायला दोघे बसलेले. दहाला पुणतांब्याहून बहिणीचा, भारतीचा फोन. म्हणाली, दादा, आई कशी आहे? वहिनी नाही ना घरात? म्हटलं, एकदम फ्रेश! घरातल्या घरात चालते आता. तू निश्चिंत राहा.

बोलून झाल्यावर लक्षात आलं. बूथ आणि मागची खोली यांच्यामध्ये फक्त प्लायवूड आहे.

२० फेब्रुवारी, दुपार
आईनं हाक मारली. म्हटलं, गिऱ्हाईक आहे, आलोच. पुन्हा हाक. आलोच. तिसऱ्यांदा हाक आली नाही म्हणून आत गेलो.

आई म्हणाली, गोरक्षा, फोनवर मला लई चालिवलंस. आता हाताला धर आन् मोरीपतुर ने.

कुठं धरायचं ते कळेना. काखेत हात घातला तर कळवळली. कमरेला धरलं तर घसरली. ट्रेनिंगची उशी फार हलकी होती. शेवटी आईनंच सांगितलं, हितं धर, आता वढ, दमानं. पाठ आज पहिल्यांदा पाहिली. जखम माझ्या तळहातात मावणार नाही एवढी आहे. धनश्री सांगत होती ती हीच. मला वाटलं होतं खरचटलं असेल.

मोरी समोर दिसते. तिथवर पोचलो नाही. वाटेतच लुगडं ओलं झालं. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, माझ्याकडे बघेना. पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. वाजू दिला.

तिला पुसलं, कोरडं नेसवलं. निऱ्या जमल्या नाहीत, नुसतं गुंडाळलं. ओलं लुगडं मी धुतलं. नीट निघालं नाही, उद्या परत धुवायला लागेल.