चित्रपट क्रमांक एक्केचाळीसच्या उणिवा

२ नोव्हेंबर २००९, सोमवार

आजपासून मी पुणेकर, निदान पत्त्यापुरता तरी. कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर ऑफिस आणि दोन गल्ल्या सोडून माझी कॉट बेसिसची खोली. सकाळी पोह्यांवर तर्री मागितली, तर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने लिंबू घेतलं. वाशिमहून निघताना आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून आठवडाभर पुरेल.

ऑफिस आय.टी. कंपन्यांसाठी ट्रेनिंगच्या सीडी बनवतं. मालक रंगनाथ सर, पन्नाशीचे, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी यंदा लघु-भयपटांची स्पर्धा ठेवली आहे. फिल्म दहा मिनिटांच्या आतली हवी, भाग कुणीही घ्यावा. त्र्याहत्तर डीव्हीडी आल्या आहेत. प्रत्येक फिल्म पाहायची आणि फॉर्म भरायचा, हे माझं काम. फॉर्मवर डावीकडे ‘जमेच्या बाजू’, उजवीकडे ‘उणिवा’. शेरे पुढे स्पर्धकाला पोस्टाने जातात. भुतं बघायची आणि त्याचा पगार घ्यायचा, यापेक्षा सुखाची नोकरी मला तरी माहीत नाही. आईला ऑफिसचा नंबर कळवला. तिने तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला म्हणाली.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सव्वीस फिल्म झाल्या. त्यातल्या अकरांमध्ये पांढरा गाऊन आहे. बहुतेक तो एकच गाऊन असावा, मित्रमित्रांत फिरवलेला. बारा नंबरचं भूत लिफ्टमधून उतरतं तेव्हा गळ्यात कंपनीचं आय-कार्ड तसंच आहे. एकोणिसाव्यात अंधार इतका की मॉनिटर चालू आहे की नाही ते मी दोनदा पाहिलं. पण नवव्या फिल्ममध्ये फक्त एका दाराबाहेरच्या चपला आहेत आणि दर वेळी एक जोड वाढतो, एवढंच. ती पाहून मी खरंच पाय वर घेऊन बसलो. तिच्या जमेच्या बाजू आठ ओळी लिहिल्या.

रंगनाथ सरांनी तो फॉर्म परत केला. ही टिप्पणी आहे की साखरपुड्याची पत्रिका, असं विचारलं. उणिवा लिहायला शिका म्हणाले. मग चहाच्या वेळी सगळ्यांसमोर, अगदी प्रेमाने: “आपण ‘पानी’ म्हणालात तरी आम्हाला कळतं हो, संकोच करू नका.” सगळे हसले. मीही हसलो. खोलीवर येऊन आरशासमोर पन्नास वेळा ‘पाणी’ म्हटलं. हे लिहितानाही लाज वाटते आहे.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

दुपारी ऑफिसच्या फोनवर आईचा फोन आला. सरांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. आई मोठ्याने बोलते. लांबच्या गावी मोठ्यानेच बोलावं लागतं अशी तिची समजूत आहे. प्रज्ञेशले द्या म्हणाली, तो जेवला काय ते इचारा म्हणाली. टेबलाटेबलावर माना वळल्या. सरांनी कोण म्हणून विचारलं. मी म्हणालो, गावाकडच्या ओळखीच्या बाई आहेत.

तिला ते ऐकू गेलं. मग ती म्हणाली, “बरं साहेब, ठेवतो मंग.”

आई मला साहेब म्हणाली. माझं बिंग फुटू नये म्हणून.

मी जागेवर येऊन पुढची डीव्हीडी लावली, क्रमांक एक्केचाळीस. पाठवणारा कोंडीराम, राहणार धायरी, एका आय.टी. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड, मूळचा रिसोडचा. म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला. फिल्ममध्ये त्याची बायको इंदुबाई. पत्र्याची खोली, भर दुपार, ती धान्य निवडते आहे. खाटेखालून कुणीतरी तिला नावाने हाक मारतं आणि ती न घाबरता विचारते, “कोन व्हय? काहून बलावतं मले?” शेवटी ती सूप बाजूला ठेवते आणि दारातून निघून जाते. बस्स. मला दरदरून घाम आला. अगदी आईचं बोलणं.

जमेच्या बाजूंचा रकाना मी कोरा ठेवला. उणिवांत लिहिलं: ‘बाईंची भाषा कानाला बोचते. त्या बोलल्याच नसत्या, तर भीती वाटली असती.’

सरांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला. माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, आता तुम्ही पुण्यात आलात.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्या फेरीसाठी एक्केचाळीस पुन्हा लावली. इंदुबाई बोलत नाही. ओठ हलतात, गळ्याची शीर ताणली जाते, पण शब्द येत नाही. डीव्हीडी खराब म्हणावी, तर सुपातले दाणे ऐकू येतात, पत्र्यावरचा कावळा ऐकू येतो. कोंडीरामने दुसरी प्रत पाठवली असेल म्हणून रजिस्टर पाहिलं. काही आलेलं नाही.

आणि फिल्म आधीपेक्षा भयंकर चांगली झाली आहे. मी मनातून खूश झालो, हेही लिहून ठेवतो. माझ्या शेऱ्याने सुधारली असं वाटलं. त्याच तोऱ्यात दुसरा शेरा लिहिला: ‘शेवटी बाई दारातून निघून जाते, तिथे भीती विरते. तिला बाहेर पडताच येऊ नये.’

१६ नोव्हेंबर, सोमवार

कोंडीरामचा फोन. आधी त्याने फिल्म बरी आहे का विचारलं. मग जरा अवघडून सांगितलं, की मंगळवारी दुपारपासून बायकोची वाचा गेली आहे. दोन डॉक्टर झाले, दोघांनाही घशात काही सापडलं नाही. शुक्रवारपासून ती उंबऱ्याबाहेरही येत नाही. माझा पहिला कागद त्यांना शनिवारी मिळाला. त्याची तक्रार काहीच नव्हती.

“तुमी लिवलं ते खरंच असंन, साहेब. तुमी शिकलेले.”

जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

रजा टाकून धायरीला गेलो. फिल्ममधलीच खोली. वाशिमचा आहे म्हटल्यावर कोंडीरामला कोण आनंद झाला. त्याने माझे दोन्ही कागद भिंतीवर चिकटवले आहेत. परीक्षकाने लक्ष घातलं याचं त्याला अप्रूप.

इंदुबाईंनी चहा दिला. कपाखाली बशी, बशीत दोन बिस्किटं. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. निघताना त्या मला पोचवायला उठल्या, उंबऱ्याशी आल्या आणि थांबल्या. पाऊल उचललेलं, पण पुढे पडेना. घोटा थरथरत होता. मी तोंड उघडून खरं सांगायला हवं होतं. मी चपला घातल्या आणि निघालो.

१८ नोव्हेंबर

सकाळपासून जमेच्या बाजू लिहितो आहे. सहज अभिनय. अस्सल भाषा. रकाना भरून मागच्या बाजूलाही लिहिलं. फिल्म लावली. काही बदललं नाही. जुन्या फॉर्मच्या ऑफिसातल्या कार्बन प्रती फाडल्या. तरी काही नाही.

म्हणजे फक्त उणिवाच ऐकल्या जातात. कोण ऐकतं ते माहीत नाही. खाटेखालची हाक अजून तशीच आहे, आणि ती कुणी दिली असं मी कोंडीरामला काल विचारलं होतं. तो म्हणाला, हाक आम्ही घातलीच नाही, साहेब. बायको नुसतीच खाटेकडे पाहून बोलते.

शेवटी उणिवांत लिहिलं: ‘दार बंद हे चूक. बाईला आवाज नाही ही सगळ्यांत मोठी उणीव. तिला वऱ्हाडी बाईचा आवाज हवा.’

घाईत लिहिलं. कुणाचा ते लिहिलं नाही.

२० नोव्हेंबर

कोंडीराम फोनवर रडला. बायको बोलली, नळावर जाऊन आली. मीही रडलो.

फक्त आवाज जरा वेगळा आलाय म्हणाला. वयस्कर वाटतो. आणि ती झोपेत कुणाला तरी जेवला काय म्हणून विचारते.

मी फिल्म लावलेली नाही. लावणार नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

घरी फोन केला. शेजारच्या नंदामावशींनी उचलला. आई बुधवारपासून गप्प आहे म्हणाल्या. नुसती बसते. तिच्या कानाला फोन लावून दिला.

श्वास ऐकू आला. मी आई आई म्हणत राहिलो. तिने फोनवर दोनदा टिचकी मारली. ऐकतेय, एवढंच.

२३ नोव्हेंबर

लावली. आईच बोलते. इंदुबाईंच्या तोंडून — काहून बलावतं मले — मग कॅमेऱ्याकडे वळून, म्हणजे माझ्याकडे — “जेवला काय रे बाबू?”

पहिलं बक्षीस एक्केचाळीसला. सर म्हणाले, त्या आवाजाने अंगावर काटा येतो. आधी शोभत नव्हता, आता शोभतो. कोणाचा डब केलाय, विचारा.

सांगता आलं असतं. माझ्या आईचा. सगळे होते समोर.

नाही सांगितलं. पुन्हा नाही सांगितलं.

२४ —

एक ओळ लिहिली की आईचा आवाज परत. आवाज परका वाटतो, काढा. एवढीच ओळ. पण मग इंदुबाई —

तिसऱ्या कुणाचा मागू? हे मनात आलं. खरंच आलं. रस्त्याने जाणाऱ्या बायका बोलताना ऐकत चाललो होतो. निवडत.

मी असा आहे.

दुपार, तीन

फॉर्म संपले. इथेच, वहीत, रेघ मारून रकाने करतो. डीव्हीडी बाहेर काढून ठेवली आहे, तरी हाक येते. टेबलाखालून. माझ्या नावाने.

उणीव काढली की ती वस्तू जाते. तर मग खरी उणीव काढावी. शेरे मुळात लिहिलेच गेले नाहीत असं झालं तर दोघी बोलतील. नक्की नाही. पण दुसरं काही —

आई, तू ओळखीची बाई नाहीस. तू माझी आई आहेस. शालन. वाशिम.

चित्रपट क्रमांक ४१

जमेच्या बाजू: इंदुबाईंची भाषा. माझ्या आईची भाषा. माझी.

उणिवा: एकच. हे शेरे लिहिणारा माझा उजवा हा